पूलमधलं शेवाळ पुन्हा पुन्हा का येतं आणि ते मुळापासून कसं घालवायचं

पाणी हिरवं झालं, क्लोरीनचा मोठा डोस टाकला, दोन दिवसांत पाणी निळं झालं. पंधरवडा उलटत नाही तोच पायऱ्यांच्या कोपऱ्यात पुन्हा तोच हिरवट, बुळबुळीत थर. घरच्या पूलची ही तक्रार नेहमीचीच, आणि बहुतेक जण त्यावर डोस वाढवतात किंवा शेवाळनाशकाची आणखी एक बाटली आणतात. त्याने तेवढ्यापुरतं भागतं, पण मूळ तसंच राहतं.

शेवाळ परत येतं तेव्हा सहसा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर ते मागच्या वेळी पूर्ण मेलेलंच नसतं, किंवा पाण्यात क्लोरीन असूनही त्याला काम करता येत नसतं. दुसरं कारण जास्त चकवतं, कारण टेस्ट केली तर आकडा व्यवस्थित दिसतो. त्यामुळे कुठलंही रसायन विकत घेण्याआधी स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड, किती आहे ते मोजा. या एका आकड्याशिवाय बाकीचे आकडे वाचताच येत नाहीत.

आधी खात्री करा, हे शेवाळच आहे ना?

पाणी हिरवट आहे पण तळाची टाइल न टाइल स्पष्ट दिसते, आणि रंग नेमका क्लोरीन टाकल्यावर चढला, तर ते शेवाळ नसून बहुधा पाण्यातलं तांबं किंवा लोह आहे. तांबं येतं ते तांबंयुक्त शेवाळनाशकातून, मोरचूद टाकला असेल तर त्यातून, किंवा पीएच बराच काळ खाली राहिल्याने झिजलेल्या हीटरमधून. अशा पाण्यात आणखी क्लोरीन ओतलं तर रंग गडद होतो आणि भिंतींवर डाग बसतात. शेवाळाचं पाणी गढूळ असतं, हाताला भिंत बुळबुळीत लागते आणि टाकलेलं क्लोरीन काही तासांत संपून जातं.

शेवाळाचे तीन प्रकार घरच्या पूलमध्ये दिसतात. हिरवं सगळ्यात सोपं. ते पाण्यात तरंगतं आणि क्लोरीनला लवकर बळी पडतं. पिवळं किंवा मोहरीच्या रंगाचं शेवाळ सावलीतल्या भिंतीवर पावडरीसारखं बसतं. ब्रश लावला की धुरासारखं उठतं आणि काही तासांनी त्याच जागी परत येऊन बसतं. बरेच जण त्याला माती किंवा परागकण समजतात. फरक ओळखायची खूण अशी की माती तळाला कुठेही साचते, हे मात्र सावलीची बाजू धरून भिंतीलाही चिकटतं. काळ्या शेवाळाचे ठिपके सिमेंटच्या प्लास्टरमध्ये आणि टाइल्सच्या सांध्यांत रुततात. शास्त्राच्या दृष्टीने ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया आहेत. त्यांच्यावर चिवट थर असतो, म्हणून नुसत्या क्लोरीनने ते जात नाहीत.

स्टॅबिलायझरचा हिशेब

उन्हात उघड्या पाण्यात स्टॅबिलायझर नसेल तर क्लोरीन काही तासांतच जवळपास संपतं. स्टॅबिलायझर क्लोरीनला धरून ठेवतो आणि उन्हापासून वाचवतो. म्हणून उघड्या पूलमध्ये ३० ते ५० पीपीएम (१ पीपीएम म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम) स्टॅबिलायझर हवाच. पण धरून ठेवलेलं क्लोरीन शेवाळावर हल्ला करत नाही. कोणत्याही क्षणी त्यातला थोडाच भाग मोकळा असतो, आणि स्टॅबिलायझर जितका जास्त तितका हा भाग कमी.

यावरून एक उपयोगी ठोकताळा निघतो. रोजच्यासाठी फ्री क्लोरीन, म्हणजे अजून न वापरलेलं सगळं क्लोरीन (स्टॅबिलायझरने धरून ठेवलेलंही यातच येतं), हे स्टॅबिलायझरच्या साधारण ७.५ टक्के तरी असावं. शेवाळ मारायचं असेल तेव्हा ते ४० टक्क्यांच्या आसपास न्यावं लागतं. म्हणजे स्टॅबिलायझर ४० असेल तर रोज किमान ३ पीपीएम आणि उपचाराच्या वेळी १६. स्टॅबिलायझर १०० असेल तर रोज किमान ७.५ आणि उपचाराला ४०. आता हे डोळ्यांपुढे ठेवून बघा: टेस्टमध्ये ३ पीपीएम क्लोरीन दिसतंय, पट्टीच्या डबीवर त्या रंगाखाली 'उत्तम' लिहिलंय आणि स्टॅबिलायझर आहे १००. त्या पूलमध्ये शेवाळ वाढणारच.

इतका स्टॅबिलायझर येतो कुठून? गोळ्यांमधून. तरंगत्या डब्यात किंवा स्किमरमध्ये (भिंतीतल्या, वरचं पाणी ओढून घेणाऱ्या पेटीत) ठेवतात त्या टीसीसीएच्या, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिडच्या, गोळ्यांमध्ये क्लोरीन आणि स्टॅबिलायझर जोडलेलेच असतात. या गोळ्यांमधून १० पीपीएम क्लोरीन मिळालं की त्यासोबत सुमारे ६ पीपीएम स्टॅबिलायझरही पाण्यात जातो. क्लोरीन वापरलं जातं, स्टॅबिलायझर मागे राहतो. पूलला रोज २ पीपीएम क्लोरीन लागतं असं धरलं तर महिन्याचं ६० होतं आणि त्यासोबत सुमारे ३६ पीपीएम स्टॅबिलायझर जमा होतो. तीन महिन्यांत शंभरी पार. नवं पाणी भरल्यावर पहिले काही आठवडे सगळं छान चालतं आणि मग तोच माणूस, तेवढ्याच गोळ्या, तोच पंप असूनही पाणी हिरवं होऊ लागतं, याचं सगळ्यात सामान्य कारण हेच.

स्टॅबिलायझर पाण्याबरोबर वाफ होऊन जात नाही. बॅकवॉशमध्ये, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टर धुताना, आणि पोहताना उडालेल्या पाण्यातून थोडा जातो, तेवढाच. जास्त झाला तर पाणी बदलणं हाच खात्रीचा मार्ग, आणि प्रमाण सरळ आहे: १०० वरून ४० वर यायचं तर निदान ६० टक्के पाणी बदलावं लागेल. ते एकदम काढू नका. जमिनीखालचं पाणी वर असेल तर रिकामा फायबरचा पूल वर उचलला जाऊ शकतो, व्हिनाइल लायनर सुटतो, सिमेंटच्या पूललाही धोका असतो. एका वेळी थोडं पाणी काढून तेवढं भरा आणि मग पुन्हा मोजा. कष्टाचं काम आहे, पण १०० पीपीएम स्टॅबिलायझर असताना शेवाळाशी झगडण्यात जितकं क्लोरीन वाया जातं, त्यापेक्षा पाणी बदलणं नक्कीच शहाणपणाचं.

कोणत्या टेस्टवर विश्वास ठेवायचा

पट्ट्या सोयीच्या आहेत, पण स्टॅबिलायझरचा आकडा त्या फार ढोबळ देतात. पाणी टाकल्यावर पिवळी होणारी जुनी टेस्ट एकूण क्लोरीन दाखवते. फ्री किती आणि वापरून निकामी झालेलं, म्हणजे कंबाइंड, किती ते सांगत नाही. शेवाळाचा त्रास वारंवार होत असेल तर थेंब मोजायची डीपीडी टेस्ट घ्या. पावडर टाकली की पाणी गडद गुलाबी होतं, मग एकेक थेंब टाकत ते रंगहीन होईपर्यंत मोजायचे. १० मिलीच्या नमुन्यात साधारणपणे एक थेंब म्हणजे ०.५ पीपीएम. उपचारात क्लोरीन २० पर्यंत जातं, तेव्हा रंग जुळवायची टेस्ट उपयोगाची राहत नाही.

रंग जुळवायच्या डीपीडी टेस्टचा एक धोका आवर्जून सांगावासा वाटतो. क्लोरीन खूप जास्त असेल तर तो गुलाबी रंगच उडवून टाकतं. नळीत क्षणभर गुलाबी चमक येते आणि पाणी रंगहीन होतं. बघणाऱ्याला वाटतं क्लोरीन शून्य आहे आणि तो आणखी ओततो. अशी चमक दिसली तर नमुन्यात साधं पाणी मिसळून पुन्हा मोजा.

स्टॅबिलायझरची टेस्ट वेगळ्या प्रकारची असते. पूलचं पाणी आणि द्रावण मिसळलं की ते दुधट होतं. ते हळूहळू एका नळीत ओतायचं, जिच्या तळाशी काळा ठिपका असतो. ठिपका दिसेनासा झाला की तिथली रेघ वाचायची. ही टेस्ट दिवसा, उघड्यावर, सूर्याकडे पाठ करून घ्या, आणि नळी कमरेजवळ धरून वरून नजर टाका. टक लावून बघत राहिलात तर ठिपका आहे असं वाटत राहतं आणि आकडा चुकतो. ठिपका १०० च्या रेघेआधीच गेला तर पूलचं पाणी आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुन्हा करा आणि आलेला आकडा दुप्पट धरा.

उपचार

आधी पीएच ७.२ च्या आसपास आणा. क्लोरीनचा जोरकस भाग, हायपोक्लोरस ॲसिड, पीएच ७.५ ला साधारण निम्मा असतो आणि ८ ला चौथाईवर येतो. स्टॅबिलायझर असलेल्या पाण्यात हा फरक काहीसा सौम्य होतो, पण पीएच आधीच बसवायचं दुसरंही कारण आहे: क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेल्यावर पीएचची टेस्ट भरवशाची राहत नाही.

मग पूलमध्ये किती पाणी आहे ते काढा. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये गुणा, त्याला १००० ने गुणा, लिटर मिळतील. ८ बाय ४ मीटरचा, सरासरी दीड मीटर खोल पूल म्हणजे ४८,००० लिटर. ५०,००० लिटर पाण्यात १ पीपीएम वाढवायला ५० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे १० टक्क्यांचं लिक्विड क्लोरीन साधारण अर्धा लिटर. स्टॅबिलायझर ५० असेल तर लक्ष्य २०, म्हणजे शून्यापासून सुरुवात असेल तर सुमारे १० लिटर. लिक्विड क्लोरीन उन्हात आणि उष्णतेत कमजोर होत जातं, म्हणून जुन्या कॅनवर लिहिलेली टक्केवारी गृहीत धरू नका. टाकून अर्ध्या तासाने मोजा.

या कामासाठी लिक्विड क्लोरीनच सर्वांत बरं, कारण त्यातून स्टॅबिलायझर जात नाही. कॅल्शियम हायपोक्लोराइटही चालतं, पण त्याने पाण्यातलं कॅल्शियम वाढतं, त्यामुळे पाणी आधीच जड असेल तर टाळा. टीसीसीएच्या गोळ्या उपचारासाठी वापरूच नका.

क्लोरीन संध्याकाळी, पंप चालू ठेवून, रिटर्नच्या (फिल्टरमधून पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडाच्या) धारेसमोर हळूहळू ओता. त्यानंतरचं काम म्हणजे ही पातळी टिकवणं, आणि इथेच बहुतेक प्रयत्न फसतात. एकदाच मोठा डोस टाकून सोडून दिलं तर क्लोरीन शेवाळाशी लढून संपतं आणि उरलेलं शेवाळ पुन्हा वाढायला लागतं. पहिल्या दिवशी जमेल तितक्या वेळा, निदान दर काही तासांनी, मोजा आणि लक्ष्यापर्यंत परत चढवा. सुरुवातीला आकडा भराभर घसरेल. पुढे घसरण मंदावेल. ती मंदावते आहे म्हणजे उपचार लागू पडतो आहे.

सोबत रोज ब्रश. भिंती, तळ, पायऱ्या, सगळं. ब्रश केल्याशिवाय थराच्या आतल्या पेशींपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. सिमेंट प्लास्टरला स्टीलचा ब्रश चालतो. व्हिनाइल आणि फायबरला फक्त नायलॉन. काळ्या ठिपक्यांवर तर दररोज जोर लावून घासावं लागतं, तोवर क्लोरीन आत शिरत नाही.

पंप या काळात दिवसरात्र चालू. हिरवं पाणी आधी करडं, मग दुधट होईल. हे मेलेलं शेवाळ आहे, आणि ते काढणं हे फिल्टरचं काम आहे. फिल्टर स्वच्छ असताना गेजवर किती दाब असतो ते लिहून ठेवा. तो साधारण पाव हिस्सा वाढला की बॅकवॉश करा, व्हॉल्व्हजवळच्या काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, आणि नंतर थोडा वेळ रिन्स. व्हॉल्व्हची मूठ फिरवण्याआधी पंप बंद करायला विसरू नका, नाहीतर आतलं गॅस्केट जातं. सँड फिल्टर उगाचच सारखा धुऊ नये, थोडी मळलेली वाळू बारीक कण जास्त चांगले धरते. कार्ट्रिज असेल तर सुरुवातीच्या दिवसांत तो रोज धुवावा लागू शकतो. तळाला गाळ साचला असेल तर व्हॅक्यूम फिल्टरमधून न घेता थेट बाहेर सोडा.

या दरम्यान कोणीही पाण्यात उतरू नये. कारण फक्त क्लोरीन नव्हे. तळ दिसत नसलेल्या पाण्यात बुडणारा माणूसही दिसत नाही. मुलं पूलपर्यंत पोहोचणार नाहीत अशी व्यवस्था आधी करा, रसायनांचे कॅन मागाहून उघडा.

थांबायचं कधी

पाणी निळं दिसलं म्हणून थांबू नका. अपुरा उपचार म्हणतात तो हाच. तीन गोष्टी एकाच वेळी जमायला हव्यात. पाणी पूर्ण स्वच्छ हवं, म्हणजे सगळ्यात खोल जागचा स्क्रूसुद्धा दिसला पाहिजे. कंबाइंड क्लोरीन ०.५ पीपीएम किंवा कमी हवं. आणि रात्रीची टेस्ट जमली पाहिजे: सूर्य मावळल्यावर फ्री क्लोरीन मोजा, पहाटे ऊन पडायच्या आत पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं, त्यामुळे जे कमी झालं ते कशाने तरी खाल्लं. घट १ पीपीएमपेक्षा जास्त असेल तर डोळ्यांना न दिसणारं शेवाळ अजून आहे. पुढे चालू ठेवा.

पिवळं शेवाळ असेल तर या तिन्ही कसोट्या जमल्यावर एका दिवसासाठी क्लोरीन स्टॅबिलायझरच्या ६० टक्क्यांपर्यंत नेऊन मगच खाली येऊ द्या. ते लपून राहण्यात पटाईत आहे.

लपण्याच्या जागा

पाणी शुद्ध आणि तरी आठवड्याने डाग, असं होत असेल तर पूलचा एखादा कोपरा उपचारातून सुटला आहे. पाण्याखालच्या दिव्याच्या मागची पोकळी ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. वीज मुख्य स्विचपासून बंद करून दिवा बाहेर काढा, मागे घासा. हे करायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. शिडीच्या पोकळ पायांत, शिडीच्या टोकाच्या रबरी टोप्यांखाली, स्किमरच्या झडपेच्या मागच्या बाजूला, रिटर्नच्या नळीच्या तोंडात, लायनरच्या कडेखाली हात घालून बघा. बुळबुळीत लागलं तर कारण सापडलं. स्किमरचं झाकण उघडून गळ्याच्या भिंतीवर बोट फिरवलं तरी बऱ्याचदा उत्तर मिळतं.

फुगवायची खेळणी, तरंगते पट्टे, ब्रशची मूठ, व्हॅक्यूमचा पाइप, पोहण्याचे कपडे हेही शेवाळ परत आणतात, पिवळं तर हमखास. उपचार चालू असताना हे सामान पाण्यात बुडवून ठेवा म्हणजे तेही निर्जंतुक होईल.

मग पाण्याचं फिरणं बघा. रिटर्नच्या तोंडांची दिशा अशी लावा की सगळं पाणी एका दिशेने गोल फिरेल आणि धार जरा खाली वळलेली असेल. दरवेळी एकाच कोपऱ्यात शेवाळ येत असेल तर तिथे पाणी पोहोचत नाही. तोंड वळवून पाहा आणि तोवर तिथे ब्रश जास्त करा.

शेवाळनाशक, मोरचूद आणि फॉस्फेट काढणारी औषधं

शेवाळनाशकाची जागा प्रतिबंधात आहे, उपचारात नाही. पूल हिरवा झाल्यावर टाकलेली बाटली क्लोरीनची जागा घेऊ शकत नाही. काही काळ दुर्लक्ष होणार असेल, बाहेरगावी जायचं असेल, तर फेस न करणारं पॉलिक्वाट प्रकारचं शेवाळनाशक उपयोगी आहे. स्वस्तातल्या क्वाट प्रकाराने फेस होतो.

मोरचुदाचा मी ठाम विरोधक आहे. तो शेवाळ मारतो, हे खरं. पण तांबं पाण्यातून जात नाही. प्रत्येक डोसाने ते साठत जातं, प्लास्टरवर निळे-हिरवे आणि काळे डाग पाडतं, फिकट केसांना हिरवी छटा देतं. ते काढायलाही पुन्हा पाणीच बदलावं लागतं.

फॉस्फेट हे शेवाळाचं खाद्य आहे, पण क्लोरीन योग्य पातळीला असेल तर भरपूर फॉस्फेट असलेल्या पाण्यातही शेवाळ वाढत नाही. आधी क्लोरीन सावरा.

रोजचं वळण

क्लोरीन रोज मोजा, निदान उन्हाच्या दिवसांत. पीएच आठवड्यातून दोनदा, ७.२ ते ७.८ मध्ये. स्टॅबिलायझर महिन्यातून एकदा, आणि गोळ्या वापरत असाल तर दर पंधरवड्याला. गोळ्या पूर्ण सोडा असं म्हणणं नाही. स्टॅबिलायझर ३० ते ५० च्या मध्ये असेपर्यंत वापरा, नंतर लिक्विडवर या. आठवड्यातून एकदा सगळा पूल घासा, हिरवं दिसत नसलं तरी. जोरदार पाऊस झाला, खूप जण पोहून गेले, पानगळ झाली, की त्या संध्याकाळी क्लोरीन मोजून वाढवा.

मिठाच्या यंत्रावर चालणाऱ्या पूलमध्येही क्लोरीनच असतं, फक्त जागेवर तयार होतं. रोजच्यासाठी ते पुरतं, पण उपचाराची पातळी गाठायला ते फार हळू असतं. तेव्हा लिक्विड क्लोरीन बाहेरूनच टाका. या पूलमध्ये पीएच वर सरकत राहतो, तिकडे लक्ष ठेवा.

साठवणुकीत मात्र अजिबात सूट नाही. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट कोरड्या अवस्थेत एकत्र आले तर आग किंवा स्फोट होऊ शकतो, म्हणून एकच चमचा, एकच डबा, एकच तरंगता फीडर दोन्हींसाठी कधीही वापरू नका. ॲसिड आणि क्लोरीन मिसळलं तर विषारी वायू निघतो. दोन्ही टाकायचे असतील तर पंप चालू ठेवून मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या. आणि रसायन नेहमी पाण्यात टाकायचं, रसायनावर पाणी नाही.

पूल काही महिने बंद ठेवणार असाल तर बंद करण्याआधी रात्रीची टेस्ट एकदा करून घ्या, कारण दडलेलं शेवाळ झाकणाखाली वाढत राहतं. पाणी सुमारे १५ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की त्याची वाढ मंदावते, म्हणून शक्यतो थंड पाण्यावर झाकण घाला आणि पाणी पुन्हा १५ च्या वर जाण्याआधी उघडा. उघडल्यावर स्टॅबिलायझर खूप खाली आलेला दिसला आणि क्लोरीन टाकताच मिनिटांत नाहीसं होत असेल, तर जिवाणूंनी स्टॅबिलायझर खाऊन अमोनिया तयार केलेला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी दर १० मिनिटांनी मोजत थोडं थोडं क्लोरीन टाकत राहा. ते टिकायला लागलं की स्टॅबिलायझर ३० वर आणा आणि तिथून पुढे वरचाच उपचार करा.